सिरिंज, बादली आणि ऑक्टोपसची पकड

साताऱ्याच्या मुलांनी ऑक्टोपस बहुधा चित्रातच पाहिलेला असतो, आणि तो खडकाला कसा धरून राहतो असे विचारले तर 'चूषक (हातांवरच्या वाटीसारख्या चकत्या) खडकाला ओढून धरतात' असे उत्तर हमखास येते. हे उत्तर उलटे आहे. चूषकाच्या आतला दाब कमी झालेला असतो आणि बाहेरचे पाणी त्याला खडकावर दाबून धरते. विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय घेणाऱ्या शिक्षकांनी सुरुवात तक्त्याने न करता सिरिंजने करावी.

औषधांच्या दुकानातून २० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज आणावी. दट्ट्या ५ च्या खुणेवर ठेवून सिरिंजचे तोंड बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या १० पर्यंत ओढावा. तो फारसे कष्ट न पडता येतो, कारण आतली हवा प्रसरण पावते आणि तिचा दाब निम्म्यावर येतो. आता सिरिंज बादलीत बुडवून, एकही बुडबुडा आत राहणार नाही अशा बेताने पाण्याने भरावी आणि तेवढ्याच जोराने पुन्हा ओढावी. या वेळी दट्ट्या जवळजवळ हलत नाही. पाणी हवेसारखे पसरत नसल्यामुळे आकारमान वाढवण्याचा नुसता प्रयत्न केला तरी दाब झपाट्याने उतरतो. ऑक्टोपस नेमके हेच करतो: चूषकाची बाहेरची मऊ कड खडकावर टेकवतो आणि आतल्या पोकळीच्या भिंतीतले स्नायू आकुंचित करतो, त्यामुळे भिंत पातळ होऊन पोकळी मोठी होऊ पाहते. आपला हात दट्ट्या ओढतो, ते काम इथे हे स्नायू करतात. सिरिंज फारच जोराने ओढल्यास आत बुडबुडे दिसू लागतात आणि पकड सुटते. प्राण्यांनाही ही मर्यादा चुकत नाही.

दुसरा भाग ताणकाट्याचा, म्हणजे ओढीचा जोर मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याचा. ४ सेंटिमीटर व्यासाचा रबरी चूषक असलेला, भिंतीला चिकटवायचा हूक गुळगुळीत, ओल्या फरशीवर दाबून बसवावा, दोघांनी फरशी धरावी आणि तिसऱ्याने ताणकाटा काटकोनात, हळूहळू ओढावा. या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर भरते. त्यानुसार समुद्रसपाटीवर तिची कमाल पकड सुमारे १३ किलो, साताऱ्यात १२ आणि महाबळेश्वरात ११ किलोच्या आसपास येते, कारण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. प्रत्यक्षात काटा याहून बराच कमी दाखवील, कारण कड आधीच उचकटते. समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका (समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका) दाब वाढतो, म्हणून तिथे ही कमाल पकडही वाढत जाते. मात्र ३० सेंटिमीटर पाण्याच्या बादलीत हा फरक जेमतेम ३ टक्के असल्याने 'बादलीत पकड वाढली' असे मुलांना लिहू देऊ नये.

खरी गंमत खडबडीत दगडावर आहे. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या नदीपात्रातून एखादा ओबडधोबड काळा दगड आणावा. त्यावर हूक टिकत नाही, कारण कडेखालच्या फटींतून हवा किंवा पाणी आत शिरते. 'क्लिंगफिश' या छोट्या समुद्री माशाने हा प्रश्न सोडवला आहे: त्याच्या पोटाखालच्या चूषक चकतीच्या कडेवर अतिसूक्ष्म केसांसारखी रचना असते, ती दगडाच्या खाचांत बसते. आपण हुकाच्या कडेला मळलेल्या कणकेची बारीक वळी लावून पाहावी. कणीक स्वतःही चिकटते, म्हणून आधी नुसती वळी दगडावर दाबून ती किती जोराने सुटते ते मोजावे आणि तो आकडा वजा करावा. ही वजाबाकी गाळणारे गट दरवर्षी असतातच.

तक्त्यावर रेमोरा हा शार्कला चिकटून फिरणारा मासा जरूर घ्यावा. त्याची डोक्यावरची चकती म्हणजे रूपांतरित पृष्ठपर (पाठीवरचा पर) असून, तिच्यातील पट्ट्यांवरचे बारीक काटे पोहणाऱ्या शार्कच्या अंगावरून त्याला मागे घसरू देत नाहीत. दाब फक्त काटकोनातली ओढ थोपवतो. घसरणे थोपवायला घर्षण लागते, म्हणून हूक फरशीला समांतर ओढूनही एक नोंद घ्यावी. तारामासा मात्र चूषणाच्या रकान्यात लिहू नये. त्याच्या नलिकापादांची (नळीसारख्या बारीक पायांची) पकड मुख्यतः स्रवलेल्या चिकट द्रव्याची असते, आणि जुन्या तक्त्यांवर ही चूक अजून सापडते.