सीपीयूचा डिफेंडर हुशार की लबाड? एनबीए टू-के मधला बचाव तपासून नीट लावायची रीत

एनबीए टू-के या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये सीपीयूच्या, म्हणजे गेम स्वतः चालवतो त्या संघाच्या, पाठमोऱ्या डिफेंडरनं हात मागे टाकून पास उडवला, की बहुतेकांचा हात थेट डिफिकल्टीकडे जातो. सुपरस्टार या अवघड लेव्हलवरून ऑल-स्टार या सोप्या लेव्हलवर आलं की तसले स्टील (चेंडूच्या चोऱ्या) कमी होतात खरे, पण त्यासोबत स्क्रीनमधून (वाट अडवून उभ्या असलेल्या खेळाडूला चुकवून) वाट काढणं, वेळेवर मदतीला सरकणं, कॉर्नरमधल्या शूटरकडे धाव घेणं हेही ढिलं पडतं. एका खोलीतला दिवा लुकलुकतो म्हणून मेन स्विच खाली ओढावा, तसा हा प्रकार. एनबीए टू-के मध्ये बचावाचा एकेक धागा वेगळा सोडवता येतो. फक्त कुठला धागा गुंतलाय ते आधी शोधावं लागतं.

शोधताना कसोटी एकच ठेवा. मैदानावरचा डिफेंडर पाच गोष्टींनी बांधलेला असतो: दिसतं तेवढंच त्याला कळतं, कळल्यावर अंग हलायला वेळ लागतो, एका बाजूला गेलेलं वजन लगेच उलट फिरत नाही, दम संपतो, आणि चुकला तर शिट्टी वाजते. सीपीयूचा डिफेंडर या पाचांत राहून तुम्हाला हरवत असेल, तर तो चांगला खेळतोय. त्याच्या वाटेला जाऊ नका. यातली एखादी गोष्ट त्याला लागूच होत नसेल, तरच स्लायडर, म्हणजे मेनूतला त्या गुणाचा कमी-जास्त करायचा आकडा, हलवायचा.

स्लायडर प्ले नाऊ (सुटा सामना) आणि मायएनबीए (अख्खा संघ चालवायचा) या प्रकारांत चालतात. मायकरिअरमध्ये (एकाच खेळाडूची कारकीर्द) फक्त डिफिकल्टी बदलता येते, ऑनलाइन सामन्यांत तीही नाही. मेनूतली नावं दर आवृत्तीत थोडी इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो.

आधी मोजा

ज्या लेव्हलवर नेहमी खेळता, तिचे मूळ आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लेव्हल बदलली की मूळ आकडेही बदलतात, आणि चार दिवसांनी कुठून निघालो होतो ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग काहीही न हलवता, साधारण तोडीस तोड दोन संघ घेऊन, तीन सामने खेळा.

तुलनेसाठी खऱ्या एनबीएचे अलीकडच्या हंगामांतले आकडे धरा. ४८ मिनिटांत एका संघाचे ७ ते ८ स्टील, ५ च्या आसपास ब्लॉक, १३-१४ टर्नओव्हर आणि १९-२० फाऊल. तुमचा क्वार्टर १२ मिनिटांचा असेल तर आकडे जसेच्या तसे ताडून बघा. ६ मिनिटांचा असेल तर दुप्पट करा, ५ मिनिटांचा असेल तर २.४ नं गुणा. समजा ५ मिनिटांच्या क्वार्टरमध्ये सीपीयूनं ६ स्टील काढले आणि ४ फाऊल केले. ४८ मिनिटांच्या हिशेबानं हे झाले १४ स्टील आणि १० फाऊल. चोऱ्या दुप्पट, शिट्ट्या निम्म्या. टू-के खेळणाऱ्यांची नेहमीची तक्रार आकड्यांत अशी दिसते.

एकट्या खेळाडूकडेही बघा. २०२४-२५ च्या हंगामात अटलांटा हॉक्सचा डायसन डॅनियल्स सामन्यामागे ३ स्टील काढून लीगमध्ये पहिला आला. त्याच्यासारख्यानं तुमचे तीन पास पळवले तर कुरकुर करायचं कारण नाही. जड पायांचा राखीव सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) दर सामन्यात तेवढेच पळवू लागला, तर मात्र पाणी मुरतंय.

प्रत्येक टर्नओव्हर तीन रकान्यांपैकी एकात टाका: डिफेंडर चेंडूकडे बघत होता, डिफेंडर पाठमोरा होता, किंवा ड्रिबल करताना हातातून काढला. पहिला रकाना तुमच्या चुकांचा आहे. तो निम्म्याहून जास्त भरत असेल तर स्लायडर राहू द्या आणि पास सुधारा. नुसता एक्स (इथली बटणं प्लेस्टेशनची आहेत) दाबून अख्ख्या मैदानावरून आडवा पास टाकू नका. गर्दीत वर्तुळाचा बाउन्स पास, उंच माणसाला त्रिकोणाचा लॉब, आणि पास नक्की कुणाकडे जावा हे आर१ नं ठरवा. उडी मारल्यावर सुचलेला पास तर कुठल्याही लेव्हलवर जातोच.

रिप्लेमधला पाऊण सेकंद

दुसरा रकाना भरला असेल तर सामना थांबवून इन्स्टंट रिप्ले उघडा. नमुन्यादाखल एक पास घेऊ. चेंडू थ्री-पॉइंटच्या कमानीच्या डोक्यावर आहे आणि डाव्या कॉर्नरमधल्या शूटरकडे जातोय. अंतर ३० फुटांच्या आसपास, चेंडूला लागणारा वेळ सुमारे पाऊण सेकंद. मधे पेंटच्या (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या) कडेला एक डिफेंडर उभा आहे, छाती बेसलाइनकडे, पाठ चेंडूकडे. कॅमेरा त्याच्या मागे आणा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी त्याचं डोकं कुठे वळलंय? खांदा कधी वळला? हात उठला तेव्हा चेंडू किती लांब होता?

आधी डोकं वळलं, मग खांदा, मग हात, असा क्रम असेल तर त्यानं पास वाचलाय. तुम्ही शूटरकडे दोन सेकंद टक लावून बसला होता, एवढंच. छाती बेसलाइनकडेच राहिली आणि एकटा हात मागे फिरून अचूक चेंडूवर पडला, तर समजा की गेमनं चेंडूची वाट हाताच्या टप्प्यात येते एवढंच बघितलं आणि ॲनिमेशन चिकटवलं. नजर हिशेबात धरलीच नाही.

प्रतिक्रियेचा वेळही असाच मोजता येतो. सामना सेकंदाला ६० फ्रेमनं रेकॉर्ड करा. बघून अंग हलवायला धडधाकट माणसाला ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. ॲथलेटिक्समध्ये तर बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू फॉल्स स्टार्टमध्ये धरतात. त्या ६ फ्रेम झाल्या. क्रॉसओव्हर टाका (ड्रिबल करताना चेंडू झटक्यात दुसऱ्या हातात), तुमच्या खेळाडूचा खांदा हलला ती फ्रेम आणि डिफेंडरचं कंबरडं त्याच बाजूला सरकलं ती फ्रेम, यांतलं अंतर मोजा. एकदा ४ फ्रेम आलं म्हणून आरोप करू नका, त्यानं अंदाज बांधला असेल. पण अंदाज निम्म्या वेळा तरी चुकायला हवा. दहापैकी दहा वेळा ६ फ्रेमच्या आत बरोबर बाजूला सरकणारा डिफेंडर तुमचं अंग बघत नाही, तुमची स्टिक बघतो.

कुठला स्लायडर, किती

एका वेळी एकच, आणि तोही फक्त सीपीयूच्या बाजूचा. बदल केला की दोन सामने खेळायचे, मग पुढचा. चार स्लायडर एकदम हलवले तर गुण कशाचा आला ते कळत नाही.

पाठमोऱ्या स्टीलमागे दोन स्लायडर असतात आणि लोक नेमका चुकीचा आधी हलवतात. स्टील सक्सेस म्हणजे हात घातल्यावर चेंडू मिळण्याची शक्यता. प्ले पासिंग लेन्स म्हणजे मुळात हात घालायला जायची खोड. फक्त सक्सेस उतरवलात तर डिफेंडर झेपावत राहतो, चुकत राहतो, आणि तुम्हाला दर वेळी पाचास चार असा मोकळा हल्ला मिळतो. अन्याय आता त्याच्यावर. म्हणून आधी प्ले पासिंग लेन्स ८ ते १० नं खाली घ्या. तरीही पाठमोरे स्टील सामन्यात दोनाच्या वर राहिले, तर स्टील सक्सेस ३-४ नं उतरवा. एकटा एकच खेळाडू त्रास देत असेल तर स्लायडर राहू दे, रोस्टरमध्ये (खेळाडूंच्या यादीत) जाऊन त्याचं पास परसेप्शन (पास ओळखायचा गुण) आणि पास अडवायची टेंडन्सी (खोड) बघा.

ड्रिबलवरचे स्टील 'स्टील सक्सेस' कमी करून सोडवू नका. खऱ्या खेळात चेंडूत हात घालण्याची किंमत फाऊलनं मोजावी लागते, सीपीयूला ती मोजायला लावा. रीचिंग फाऊल फ्रीक्वेन्सी १० नं वाढवा, शूटिंग फाऊलही ५ ते ८ नं. फाऊलचे स्लायडर टप्प्याटप्प्यानं फरक दाखवतात, पहिल्याच सामन्यात शिट्ट्यांचा पाऊस पडेल असं नाही. इथे छोट्या क्वार्टरची एक गोची आहे. एनबीएत सहाव्या फाऊलला खेळाडू बाहेर जातो आणि क्वार्टरमधल्या पाचव्या संघ-फाऊलपासून फ्री थ्रो मिळतात. एकूण २० मिनिटांच्या सामन्यात सहा फाऊल कुणाचे होणार? बोनसही क्वचितच लागतो. फाऊलची भीतीच नसलेला डिफेंडर मनसोक्त हात घालतो. जमत असेल तर क्वार्टर ८ मिनिटांच्या वर न्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

क्रॉसओव्हर वाचणाऱ्या डिफेंडरसाठी प्रतिक्रियेचा असा वेगळा स्लायडर मिळत नाही. ऑन-बॉल डिफेन्स (चेंडूवाल्यावरचा बचाव) ३ नं, मग लॅटरल क्विकनेस (आडवं सरकायचा वेग) २ नं, एवढंच उतरवा. हे गुण सीपीयूच्या सगळ्याच खेळाडूंचे उतरतात. १० नं खाली आणलेत तर आधीच जड असलेला सेंटर पिक अँड रोलमध्ये (साथीदारानं स्क्रीन लावून मग बास्केटकडे वळायची चाल) खांब होऊन बसतो, आणि मग दर वेळी त्यालाच पिकमध्ये ओढावंसं वाटतं.

चकवून पुढे गेल्यावरही डिफेंडर मागून येऊन चिकटतो, ही तक्रार अर्धी खरी असते. चेंडू नसलेला माणूस ड्रिबल करणाऱ्यापेक्षा वेगानंच धावतो, त्यामुळे थोडं गाठणं रास्त आहे. आधी आर२ सोडून बघा. स्प्रिंट सतत दाबून धरली की दम उतरतो आणि डिफेंडरच्या अंगावर आदळायची ॲनिमेशन सुरू होतात. अर्धा मैदान आर२ न दाबता या, आणि फक्त पहिल्या पावलाला दाबा. तरीही तोच प्रकार असेल तर सीपीयूचं ॲक्सेलरेशन २-३ नं उतरवा. स्पीड मात्र शेवटपर्यंत शिवू नका. तो हलला की फास्ट ब्रेक, परत धावणं, रिबाउंडसाठी पोचणं, सगळ्याचंच गणित बिघडतं.

शॉटवरचा दबाव तपासायला शॉट फीडबॅक सगळ्या शॉटसाठी चालू करा. पुढे कुणी नसताना कव्हरेज जड दाखवत असेल, तर जंप शॉट डिफेन्स स्ट्रेंग्थचे दोन स्लायडर बघा. एक चेंडू उचलतानाचा, दुसरा सोडतानाचा. डिफेंडर मागून किंवा बाजूनं येताना शॉट बिघडत असेल तर पहिला ४-५ नं उतरवा. समोरून हात वर करून आलेल्याचा दबाव खराच आहे, त्यामुळे दुसरा तसाच राहू दे.

पेंटमध्ये ठाण मांडून बसलेला सेंटर हा वेगळा विषय. आपल्याकडे शाळा-कॉलेजात फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, नियम असतात. त्यांत बचाव करणाऱ्यानं पेंटमध्ये कितीही वेळ थांबावं. एनबीएत २००१-०२ पासून झोनला (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावाला) मुभा मिळाली आणि त्याच वेळी डिफेन्सिव्ह थ्री सेकंदचा नियम आला. हाताच्या अंतरावर कुणाला मार्क करत नसेल, तर डिफेंडरला पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मोडला तर एक फ्री थ्रो आणि चेंडूही समोरच्या संघाला. रूल्समध्ये हा नियम चालू आहे ना, ते बघा. चालू असेल आणि सेंटर दोन सेकंद आत, एक पाऊल बाहेर, पुन्हा आत असं करत असेल, तर तो नियमातच खेळतोय. रूडी गोबेरसारखे मोठे डिफेंडर पिक अँड रोलमध्ये मागे हटून पेंटच राखतात. त्यावर उतारा स्लायडरमध्ये नाही, फ्री थ्रो लाइनजवळच्या मोकळ्या शॉटमध्ये आहे.

छोटे क्वार्टर खेळणाऱ्यांनी फटीग रेट (दम उतरायचा वेग) दोन्ही बाजूंना सारखाच ५ ते १० नं वाढवावा. नाहीतर चौथ्या क्वार्टरमध्येही सीपीयूचा गार्ड पहिल्या मिनिटासारखाच अंगाशी येतो.

आपल्या बाजूचे चार

न्याय-अन्यायाच्या गप्पांत हे विसरलं जातं, की तुमच्या संघातले चार डिफेंडरही सीपीयूच चालवतो. त्यांचा रोग उलटा: कॉर्नरमधला शूटर सोडून उगाच आत धावतात. यासाठी युझरच्या (तुमच्या) बाजूचं हेल्प डिफेन्स स्ट्रेंग्थ ५ नं उतरवा आणि कोचिंगमध्ये डिफेन्सिव्ह सेटिंग उघडा. ॲडॅप्टिव्ह कोचिंग इंजिन चालू असेल तर तुम्ही लावलेलं ते मधेच बदलतं, ते बंद करा. पिक अँड रोलमध्ये चांगल्या शूटरला स्क्रीनवरून, कच्च्या शूटरला स्क्रीनखालून, असं खेळाडूगणिक लावा. एल१ उगाच धरून ठेवू नका, त्यानं डबल टीम जाते (एकावर दोघं धावतात) आणि मग कुणीतरी मोकळा राहणारच. तो दोष त्या बिचाऱ्या चौघांचा नाही.

पुढे गेलात की सीपीयू पिसाळतो का?

हा संशय निराधार नाही, त्याला इतिहास आहे. मिडवेच्या १९९३ च्या एनबीए जॅममध्ये मागे पडलेल्या संघाला गेमकडूनच हात मिळायचा. शिवाय डेट्रॉइट पिस्टन्स संघाचा चाहता असलेल्या, हा गेम बनवणाऱ्या मार्क टरमेलनं कोडमध्येच सोय करून ठेवली होती: पिस्टन्सविरुद्धच्या अटीतटीच्या सामन्यात शिकागो बुल्सचे शेवटच्या क्षणाचे शॉट हुकायचे. हे त्यानं स्वतःच पुढे सांगितलं.

तुमच्या गेममध्ये तसं होतंय का हे एका सामन्यावरून ठरत नाही. दहा सामन्यांत, तुम्ही १२ गुणांनी किंवा जास्त पुढे असतानाच्या मिनिटांचे सीपीयूचे स्टील आणि तुमची शॉटची टक्केवारी वेगळी लिहा, आणि बरोबरीच्या मिनिटांशी ताडून बघा. त्या मिनिटांत तुमचे कोणते पाच मैदानावर होते, हेही नोंदवा. आघाडी मिळाली की राखीव खेळाडू उतरवायचे, लांबून थ्री मारत बसायचं, आणि आघाडी वितळली की गेमला शिव्या द्यायच्या, असंच बहुतेक वेळा घडलेलं असतं. पाचही तेच, शॉटही त्याच जागांवरून, आणि तरी स्टील दुप्पट झाले, तर ऑन-बॉल स्टीलची टेंडन्सी ५ नं उतरवा.

जमलेला संच तारीख आणि क्वार्टरची लांबी नावात घालून सेव्ह करा, कारण १२ मिनिटांसाठी लावलेला संच ५ मिनिटांना चालत नाही. गेमला मोठा पॅच आला की जुन्या संचावरच एक सामना खेळून स्टील आणि फाऊल पुन्हा मोजा. पाठमोरे स्टील परत आले असतील तर नवे आकडे प्ले पासिंग लेन्सपासूनच शोधायला लागा.