ट्रेनर विमानावरून हेलिकॉप्टरवर येताय? मग या चुका टाळा

नेव्हीचे पायलट बरेचदा आधी साध्या ट्रेनर विमानावर शिकतात आणि मग हेलिकॉप्टरवर येतात, अमेरिकन नेव्हीत कितीतरी वर्षं टी-३४सी वरून टीएच-५७ असाच रस्ता होता. विमानावर हात बसलेला असतो आणि घोळ तिथेच होतो. मी दोन्ही उडवलंय, म्हणून कळकळीने सांगतोय की विमानात जी सवय वाचवते तीच इथे जीवावर बेतते.

सगळ्यात घातक म्हणजे झटक्यात नाक खाली घालणं. स्टॉल आला, म्हणजे पंखांची उचल गेली, की स्टिक पुढे, हे अंगात भिनलेलं असतं. पण टीएच-५७ म्हणजे मुळात बेल २०६, दोन पात्यांचा रोटर, जो मधल्या बिजागरीवर तागडीसारखा डुलतो. सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टरची स्टिक, जोरात पुढे ढकलली की रोटरवरचा भार जातो, टेल रोटरचा, म्हणजे शेपटीवरच्या छोट्या पंख्याचा, जोर मात्र चालूच असतो त्यामुळे मशीन आपोआप उजवीकडे कलतं, आणि नवीन माणूस लगेच स्टिक डावीकडे दाबतो. मशीन काही वळत नाही, फक्त रोटर कलतो आणि त्याचा हब (मधला भाग) मास्टवर, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या दांड्यावर, आपटतो, मास्ट तुटू शकतो! आधी सायक्लिक हळूच मागे घ्यायची, रोटरवर भार आला की मगच कल काढायचा. हा क्रम झोपेतसुद्धा चुकता कामा नये.

इंजिन बंद पडलं तर पहिलं काम कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली, नाक वगैरे नंतर. यात एक-दोन सेकंदही फार होतात कारण रोटरचा आरपीएम (फिरण्याचा वेग) भराभर पडतो आणि एकदा फार पडला की परत येत नाही.

तिसरं, मशीन खाली बसतंय म्हणून नुसती पॉवर वाढवत राहणं. वेग जवळपास शून्य, पॉवर लावलेली आणि मिनिटाला ३०० फुटांपेक्षा जास्त उतरण, हे जुळलं की रोटर स्वतःच्याच खालच्या हवेत अडकतो, अशावेळी कलेक्टिव्ह ओढली की अजून जोरात खाली जातो. थोडी कलेक्टिव्ह कमी करा, सायक्लिक पुढे, वेग घ्या. म्हणजे उंची हवीच, म्हणून आधीच सावध राहिलेलं बरं.

हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, स्टिक आवळून धरू नका. हाताचा पुढचा भाग मांडीवर टेकवा, दोन-तीन बोटांत स्टिक धरा आणि नुसता दाब द्या, नजर नाकासमोर नाही तर लांब. समुद्रावर, त्यातून रात्री, खाली बघायचंच नाही कारण रोटरच्या वाऱ्याने पाणी बाहेर पळत असतं आणि मशीन सरकतंय असं वाटतं, मग नसलेला ड्रिफ्ट (बाजूला सरकणं) सुधारायला जाऊन खरा ड्रिफ्ट सुरू होतो. इन्स्ट्रुमेंट्सवर विश्वास ठेवा.

आणि हो, भारतीय नौदलाचं चेतक हे मुळात फ्रेंच अलुएट-३, त्याचा रोटर अमेरिकन मशीनच्या उलट फिरतो, म्हणजे कलेक्टिव्ह उचलताना डावं नाही, पायातलं उजवं पेडल दाबायचं.