फ्रिज आवाज करतो, थंड करत नाही : गॅस भरण्याआधी काय तपासावे

घरातला फ्रिज थंड करेनासा झाला की "गॅस संपला असेल" असे इतक्या सहजपणे म्हटले जाते, की पुष्कळदा मेकॅनिकने फ्रिज उघडून पाहण्याआधीच गॅस भरण्याचा खर्च ठरून गेलेला असतो. वस्तुतः फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षे तोच तो फिरत राहतो, आणि कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती न शोधता भरलेला गॅस आज ना उद्या त्याच वाटेने निघून जातो. म्हणून निदान आधी आणि गॅस शेवटी, हा क्रम सोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

पहिले काम अगदी साधे आहे. पाण्याचा पेला खालच्या कप्प्यात मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्यात तापमापक बुडवून पाहावा. तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडे कमी असावे. फ्रीजरमध्ये ते उणे १८ च्या आसपास असावे लागते. फ्रीजर कडक थंड आहे पण खालचा कप्पा कोमट, असे आढळले तर कॉम्प्रेसर (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा मागचा पंप) आणि गॅस बहुधा ठीक असून थंड हवा खाली पोहोचत नाही, असे समजावे. वर-खाली दोन्हीकडे थंडावा नसेल तर दोष कॉम्प्रेसर, त्याला सुरू करून देणारा रिले, विजेचा दाब किंवा गॅस यांपैकी कशात तरी आहे. इथून पुढचे बहुतेक निर्णय या एका फरकावर अवलंबून असतात.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. मे महिन्यात आमच्या दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री (हिम आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमधले दूध सकाळपर्यंत नासू लागले, आणि त्याच सुमारास रात्री फ्रीजरच्या मागून पत्र्यावर नख ओढल्यासारखा टर्रर्र असा आवाज येऊ लागला. बोलावलेल्या माणसाने उभ्या उभ्याच गॅसचे निदान केले. मला मात्र एक गोष्ट खटकत होती : फ्रीजरचे दार उघडले की आवाज त्या क्षणी थांबत असे आणि दाराच्या चौकटीतले बटण बोटाने दाबून धरले की पुन्हा सुरू होत असे. अनेक फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ते बटण आतला पंखा बंद-चालू करते. म्हणजे आवाज कॉम्प्रेसरचा नव्हताच. तो पंख्याचा होता. प्लग काढून फ्रीजरच्या मागची प्लॅस्टिकची पाटी उघडली, तेव्हा संपूर्ण कॉइल भुसभुशीत पांढऱ्या बर्फात बुडाली होती आणि पंख्याची पाती त्या बर्फावर घासून त्यात गोल खाच पडली होती.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढची तपासणी आपोआप सुचते. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंड करणारी कॉइल बहुधा एकच असते, ती फ्रीजरच्या मागे दडलेली असते आणि पंखा तिच्यावरून हवा ओढून थोडी वर, थोडी खाली पाठवतो. दार उघडल्यावर आत शिरणारा दमटपणा कॉइलवर हिम होऊन साचतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर तो फारच लवकर साचतो. हे हिम वितळवण्यासाठी कॉइलखाली हीटर असतो, आणि वितळलेले पाणी नळीतून मागच्या बाजूच्या ट्रेमध्ये जाऊन कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जाते. हीटर, त्याच्या मालिकेतला बायमेटल (गारठल्यावर जोडला जाणारा आणि तापल्यावर तुटणारा स्विच), फार तापल्यास वीज तोडणारा थर्मल फ्यूज, हीटर ठरावीक वेळाने चालू करणारा टायमर किंवा त्याजागी असलेले सर्किट यांपैकी एकही भाग बंद पडला तर हिम वाढत जाऊन हवेची वाट बुजते.

निश्चिती करण्यासाठी फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून चोवीस तास तसाच राहू द्यावा. खाली जुनी फडकी अंथरावीत. बर्फ सुरीने किंवा उलथन्याने कधीही खरवडू नये. कॉइलची ॲल्युमिनियमची नळी एका टोच्याने फुटते आणि मग खरोखरच गॅसचा खर्च येतो. यानंतर फ्रिज आठवडाभर उत्तम चालून पुन्हा तीच लक्षणे दिसू लागली, तर दोष हिम वितळवण्याच्या यंत्रणेत आहे, यात फारशी शंका उरत नाही. तसे न होता हिम परतलेच नाही, तर दार नीट न लागणे हे कारण आधी पडताळावे : दाराच्या रबरात कागदी नोट धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती सहज सुटून आली तर तिथले रबर पुसून, कोमट पाण्याने शेकून सरळ करावे. तरीही न बसल्यास बदलावे.

मल्टिमीटर हाताळता येणाऱ्यांनी प्लग काढलेल्या अवस्थेत हीटर मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या दीडशे ते दोनशे वॅटच्या हीटरचा रोध साधारण २६५ ते ३५० ओहम भरतो. वाचन अनंत आले तर हीटर तुटलेला आहे. बायमेटलबाबत मात्र हमखास चूक होते. तो फक्त गारठल्यावरच जोडला जातो, त्यामुळे टेबलावर मोजला तर चांगला बायमेटलही खराब वाटतो आणि टाकून दिला जातो. घरच्या आइस्क्रीमच्या पॉटसाठी करतो तसे बर्फ आणि खडे मीठ एकत्र करावे, बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात वीस मिनिटे पुरावा आणि मग मोजावा. आमच्याकडे बायमेटल ठीक निघाला, थर्मल फ्यूज उडालेला होता. तो तेवढ्याच क्षमतेचा नवा बसवला. फ्यूज काढून तारा थेट जोडण्याचा जो सल्ला मिळतो तो मुळीच ऐकू नये, कारण हीटर बंद होईनासा झाला तर आगीपासून वाचवणारा तोच भाग असतो.

आता दोन्ही कप्पे गरम असल्यास. फ्रिजच्या मागे कान देऊन ऐकावे. काही सेकंद जड गुणगुण, मग "टिक", मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असे चक्र चालू असेल तर कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आहे पण होत नाही, आणि ओव्हरलोड (जास्त भार आल्यास वीज तोडणारा भाग) त्याला तोडतो आहे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी विजेचा दाब घसरल्यानेही हे घडते, म्हणून आधी प्लगपाशी व्होल्ट मोजावेत. दाब ठीक असेल तर प्लग काढून कॉम्प्रेसरच्या बाजूची काळी डबी, म्हणजे रिले, ओढून काढावी आणि कानाशी हलवावी. आत खुळखुळा वाजला तर तिच्यातली चकती फुटली आहे. हा भाग स्वस्त असतो आणि त्यापायी अख्खा कॉम्प्रेसर बदलल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये, मात्र असा रिले नसतो. तिथे इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि त्याला घरी हात लावू नये.

कॉम्प्रेसर सलग चालतो, तरी कॉइलच्या केवळ सुरुवातीच्या नळीवर हिम येते आणि उरलेली कोरडी राहते, तेव्हा गॅस कमी असल्याचा संशय रास्त ठरतो. हे काम तंत्रज्ञाचेच. त्याने गळती शोधून बुजवणे, फिल्टर बदलणे, व्हॅक्यूम करणे (नळ्यांतली हवा ओढून घेणे) आणि वजन करून गॅस भरणे एवढे केले पाहिजे, आणि तसे आपण आधीच विचारून घ्यावे. कॉम्प्रेसरवर आर-६००ए असे लिहिलेले असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडाव्यात, शेगडी बंद ठेवावी आणि आत गॅस असताना नळीला ज्योत लावू देऊ नये.

बाकीचे आवाज बहुधा निरुपद्रवी. खडखड होत असेल तर मागच्या ट्रेवर, मग भिंतीला टेकलेल्या नळीवर हात ठेवून पाहावा. हात ठेवताच आवाज थांबला की कारण सापडले. फ्रिजचे पुढचे पाय फिरवून तो किंचित मागे झुकलेला ठेवावा, म्हणजे दारही आपोआप लागते. बंद झाल्यावर येणारा पाणी खळाळल्यासारखा आवाज गॅसचाच असतो, आणि नव्या फ्रिजच्या कुशी गरम लागणे हाही दोष नव्हे, कारण उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या तिथेच दडवलेल्या असतात. तिथे हवेला जागा हवी, म्हणून दोन्ही बाजूंना चार बोटे अंतर सोडावे.

दुरुस्ती चालू असताना दार बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यानंतर दूध, शिजवलेले अन्न आणि मासे शेजारी हलवावेत, आणि प्लग पुन्हा लावण्याआधी पाच मिनिटे थांबावे, म्हणजे नळ्यांमधला दाब समान होऊन कॉम्प्रेसरवर भार येत नाही.