घोड्याची नियमित तपासणी किती दिवसांनी करायची? या चुका टाळा

"वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवलं की झालं ना?" नवा घोडा घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि पहिली चूक तिथेच होते. घोड्याच्या शरीरात प्रत्येक गोष्टीची गती वेगळी आहे. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो. दाढ वर्षाला २ ते ३ मिलिमीटर हिरडीबाहेर सरकते. एका लशीचा असर सहा महिने टिकतो, दुसरीचा वर्षभर. पोटशूळ मात्र काही तासांत जीव घेऊ शकतो. या सगळ्यांना एकच तारीख लावता येत नाही.

ढोबळ हिशोब असा. खूर रोज साफ करायचे आणि नालबंद ६ ते ८ आठवड्यांनी बोलवायचा. दात वर्षातून एकदा, जंतांसाठी लिदेची तपासणी वर्षातून एक-दोनदा, लशी त्यांच्या त्यांच्या तारखांना, आणि पशुवैद्यांकडून डोक्यापासून खुरापर्यंत पूर्ण तपासणी वर्षातून एकदा. हे धडधाकट, प्रौढ घोड्याचं झालं. शिंगरांना आणि विशीकडे झुकलेल्या घोड्यांना एवढं पुरत नाही. म्हाताऱ्या घोड्याची पूर्ण तपासणी सहा महिन्यांनी व्हायलाच हवी.

हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. तरीही त्याच त्याच चुका दिसतात.

घोडा वाळला की चंदी वाढवणे

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि घोड्याला सगळ्यात महाग पडते. घोडा उतरला की मालक आधी दाणा वाढवतो, मग जंताचं औषध देतो, मग टॉनिक आणतो. तोंडात बघायचं कोणाच्या मनात येत नाही.

एका तबेल्यातल्या चौदा वर्षांच्या घोडीचं उदाहरण घ्या. दोन-तीन महिन्यांत तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. जंतनाशक दिलं, फरक पडला नाही, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा दिलं. चंदी दुप्पट केली. तरी घोडी भरेना, आणि लिदेत आख्खे दाणे पडायला लागले. गव्हाणीखाली रोज अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे पडत होते. मोतद्दार ते रोज झाडून टाकत होता. त्याला कोणी विचारलं नाही, आणि हे सांगण्यासारखं आहे हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी न चावलेल्या चाऱ्याने आतडं तुंबलं, पोटशूळ झाला आणि तेव्हा पशुवैद्य आले. गुंगी देऊन, माउथ गॅग (तोंड उघडं धरून ठेवणारं साधन) लावून, बॅटरीच्या उजेडात बघितल्यावर सगळा उलगडा झाला. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या, गालाला आतून दोन्ही बाजूंनी जखमा, आणि खालच्या अगदी शेवटच्या दाढेवर वाढलेला आकडा (हुकासारखं टोक) वरच्या हिरडीत रुतलेला.

या घोडीचे दात आदल्या वर्षी "घासून झाले" होते. माउथ गॅग न लावता, हात घालून, दहा मिनिटांत. अशा घासण्यात कानस पुढच्या दोन-तीन दाढांपर्यंत जाते. मागचं काही दिसत नाही, त्यामुळे तिथे काही होतही नाही. असं काम म्हणजे पैसे देऊन वर्ष वाया घालवणं. माउथ गॅग आणि उजेड नसेल तर दाताचं काम करून घेऊ नका, त्यापेक्षा चार दिवस थांबा.

कडा धारदार का होतात तेही समजून घ्या. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि तो आडवा फिरवून चावतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड घासली जात नाही, ती वाढत जाते. तासन्‌तास चरणाऱ्या घोड्याची झीज बऱ्यापैकी सारखी होते. तबेल्यात उभं राहून दाणा जास्त आणि गवत कमी खाणाऱ्याचं हे लवकर बिघडतं.

प्रौढ घोड्याचे दात वर्षातून एकदा बघायचे. अडीच ते पाच वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, तेव्हा सहा महिन्यांनी. वीस वर्षांच्या पुढेही सहा महिन्यांनी, कारण दात संपत आलेले असतात, हलतात, पडतात. उलटी चूकही होते. मशीनने एकाच बैठकीत सगळं गुळगुळीत करून घेण्याचा हट्ट धरला जातो. दाढ घोड्याला आयुष्यभर पुरवायची असते, आणि फार घासली की आतली नस उघडी पडते. मोठा आकडा दोन-तीन टप्प्यांत, काही आठवड्यांचं अंतर ठेवून कमी केलेला बरा.

आठवड्यातून एकदा लिदेचा गोळा हाताने फोडून बघायचा, हा माझा नियम आहे. गवताच्या काड्या एक-दीड सेंटिमीटरपेक्षा लांब दिसायला लागल्या, किंवा आख्खे दाणे आले, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. मान वाकडी करून चावणं, तोंडातून घास पडणं, लगाम लागला की डोकं झटकणं, एका नाकपुडीतून वास मारणारा शेंबूड येणं, या सगळ्यात आधी दात बघायचे. आणि चंदी दुप्पट करणं तर बंदच करा. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, त्यातून पोटशूळ होतो, लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) होतो, आणि मूळ दुखणं तसंच राहतं. खाण्यातला कोणताही बदल ७ ते १० दिवसांत हळूहळू करायचा असतो.

दर दोन महिन्यांनी डोळे झाकून जंतनाशक

ही पद्धत जुनी आहे आणि तिच्यामुळेच आज बरीच औषधं जंतांवर चालेनाशी झाली आहेत. कळपातल्या थोड्याच घोड्यांच्या लिदेतून बहुतेक सगळी अंडी बाहेर पडत असतात. बाकीच्यांना वारंवार औषध देऊन हाती काही लागत नाही, फक्त औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात आणि वाढतात.

प्रौढ घोड्यासाठी आधी लिदेतली अंडी मोजून घ्या. एका ग्रॅममध्ये २०० पेक्षा कमी असतील तर तो घोडा कमी अंडी टाकणारा, ५०० च्या वर असतील तर जास्त. कमीवाल्याला वर्षातून एक-दोनदा औषध पुरतं, जास्तवाल्याला थोडं अधिक लागतं. नमुना ताजा हवा. पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा आणि प्रयोगशाळेत जाईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका आणि उन्हात गाडीत विसरू नका, अंडी फुटली की आकडा खोटा येतो. आधी दिलेलं औषध इव्हरमेक्टिन असेल तर किमान १२ आठवडे आणि मॉक्सिडेक्टिन असेल तर १६ आठवडे गेल्यावरच मोजणीला अर्थ आहे. औषध चालतंय का हे बघायचं असेल तर वेगळं: देण्याच्या दिवशी मोजा आणि १४ दिवसांनी पुन्हा मोजा. या मोजणीत फीतकृमी बहुधा दिसत नाहीत आणि आतड्याच्या भिंतीत दडलेल्या अळ्या तर दिसतच नाहीत. त्यामुळे आकडा शून्य आला तरी वर्षातला एक डोस त्यांना धरून, पशुवैद्यांना विचारून द्यावा लागतो.

दुसरा घोळ वजनाचा. "असेल साडेतीनशे किलो" असं म्हणून औषधाच्या नळीवरची डोसाची खूण फिरवतात. टेप घ्या. कोपराच्या मागून, जिथे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याला लागून छातीचा घेर मोजा, घोड्याने श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर वजन ४३६ किलोच्या आसपास येतं. साडेतीनशेचा अंदाज धरला असता तर डोस पाचव्या हिश्शाने कमी पडला असता. कमी डोस हा औषध न देण्यापेक्षाही वाईट, कारण त्यात नेमके चिवट जंत वाचतात. औषध देण्यापूर्वी तोंडात गवताचा घास नको. घोडा तो घास थुंकतो आणि अर्धं औषध जमिनीवर जातं.

शिंगरांना हा हिशोब लावू नका. त्यांना पहिला डोस दोन-तीन महिन्यांच्या वयात आणि पहिल्या वर्षात साधारण चार वेळा लागतो. त्यांच्यातल्या मोठ्या गोल जंतांवर बऱ्याच ठिकाणी इव्हरमेक्टिन लागू पडत नाही, म्हणून औषध पशुवैद्यांनीच ठरवावं. मोठ्या घोड्याची उरलेली मॉक्सिडेक्टिनची नळी तर शिंगराला कधीच देऊ नका. थोड्याशा जास्त डोसनेही शिंगरू किंवा फार रोड घोडा आडवा होतो.

"अजून नाल घट्ट आहे, मग नालबंद कशाला?"

नाल घट्ट असली तरी खूर वाढतच असतो, आणि नाल असल्यामुळे झिजत मात्र नाही. आठ आठवड्यांत दीड-दोन सेंटिमीटर वाढ होते. टोक लांबतं, टाच पुढे सरकून दबते, आणि प्रत्येक पावलाला मागच्या शिरेवर ताण येतो. घोडा लंगडेपर्यंत थांबलात तर एका भेटीत खूर सुधारत नाही. टोकाची भिंत पूर्ण नवी यायला ९ ते १२ महिने जातात. नालबंद निघण्यापूर्वी पुढची तारीख ठरवून घ्या. बिननालीच्या घोड्यालाही ६ ते ८ आठवड्यांनी कानस लागतेच.

रोज खूर साफ करताना खूर कोरायचा आकडा टाचेकडून टोकाकडे चालवा. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट मोकळ्या करा. काळा, घाण वासाचा चिकट मळ दिसला तर तो कुजवा आहे. औषध ओतून तो थांबत नाही, आधी खालची ओली जागा कोरडी करा.

लशीचा पहिला डोस देऊन दुसरा विसरणे

धनुर्वाताला घोड्याइतकी बळी पडणारी जनावरं फार थोडी आहेत, आणि त्याचे जंतू मातीत आणि लिदेत सगळीकडे असतात. पहिल्या वेळी ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्यायचे, मग दर वर्षी. पहिला देऊन दुसरा राहिला तर संरक्षणावर भरवसा ठेवता येत नाही. जखम झाली आणि शेवटच्या डोसला सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर पशुवैद्यांना लगेच सांगा. खिळ्याने पडलेलं खुरातलं बारीक भोक मोठ्या, वाहत्या जखमेपेक्षा जास्त घातक असतं. रेबीज जिथे आहे तिथे ती लस दर वर्षी. शर्यती, प्रदर्शनं, प्रवास करणाऱ्या घोड्यांना इन्फ्लुएंझाची सहा महिन्यांनी. गाभण घोडीला विण्यापूर्वी ४ ते ६ आठवडे बूस्टर दिला की चिकातून शिंगराला संरक्षण मिळतं.

थोडक्यात आणखी काही

नवा घोडा आणला की थेट इतरांत सोडू नका. तीन आठवडे वेगळा ठेवा, बादली-ब्रश वेगळे ठेवा आणि रोज दोनदा ताप मोजा. स्ट्रँगल्ससारखा (घशाच्या गाठी पिकवणारा) संसर्गजन्य रोग बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या घोड्याकडूनही येतो.

लांब केस वेळेवर न गळणारा म्हातारा घोडा "वयामुळे असा झालाय" असं म्हणून सोडू नका. कुशिंगसाठी (म्हाताऱ्या घोड्यातला संप्रेरकांचा विकार) रक्त तपासून घ्या.

अंगावर चरबी किती हे नजरेने ठरवू नका. फासळ्यांवरून हात फिरवा. दिसायला नकोत, पण हाताला सहज लागायला हव्यात.

पाणी प्यायलं की नाही हे बघायचं तर बादलीत मोजून द्या. आरामात असलेला घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पितो.

निरोगी असताना काहीच न मोजणे

घोडा आजारी पडल्यावर पहिल्यांदा थर्मामीटर हातात घेणाऱ्याला त्या आकड्याचं काय करायचं ते कळत नाही. आरामात उभ्या प्रौढ घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. हिरडीवर बोट दाबून सोडलं की रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. दोन्ही कुशींना कान लावून आतड्यांची गुरगुर ऐका. खुराच्या वर, घोट्याच्या मागच्या बाजूची नाडी एरवी जेमतेम लागते. ती ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल तर लॅमिनायटिसचा संशय घ्या. हे सगळं आठवड्यातून एकदा, घोडा ठीक असताना करा आणि वहीत तारखेसह लिहा. त्याच वहीत लस, जंतनाशक, वजन, नालबंद, दात यांच्या तारखा हव्यात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणाऱ्यांना गरजेच्या वेळी फोटो सापडत नाही.

डॉक्टर यायच्या आधी दुखण्याचं औषध टोचणे

पोटशूळात घोडा लोळतोय हे बघवत नाही, मान्य आहे. पण औषधाने दुखणं झाकलं की पशुवैद्यांना खरी अवस्था दिसत नाही, आणि आतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेची वेळ हातची जाते. फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक तर स्नायूत टोचूच नका, त्या जागी जंतू वाढून मांस सडतं आणि त्यात घोडे मेले आहेत. चारा-दाणा काढून घ्या, नाडी मोजा, शेवटची लीद कधी पडली ते बघा आणि फोन करताना हे आकडे सांगा. नाडी ६० च्या वर जाऊन तिथेच राहिली असेल तर "थोडं फिरवून बघतो" म्हणत वेळ घालवू नका, पशुवैद्यांना त्याच क्षणी निघायला सांगा. वेदना कमी करणारं काही द्यायचं का, हेही त्याच फोनवर विचारा.