सिकलसेलच्या कामात येणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी : नंदुरबारचा अनुभव

बी.एस्सी. किंवा डी.एम.एल.टी. झालेली मुलं-मुली मला विचारतात, "ताई, संशोधनात जायचंय, सुरुवात कुठून करू?" विचारणाऱ्यांतले बरेचसे शहादा, तळोदा, साक्री, चोपड्याकडचे असतात, आणि संशोधन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्था येतात. मी त्यांना सांगते की घर सातपुड्याच्या पायथ्याशी असेल तर आधी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिका. रक्ताच्या एका थेंबाच्या तपासणीपासून जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचारापर्यंत सगळं विज्ञान या एका आजाराभोवती चालू आहे, आणि रुग्ण आपल्याच तालुक्यात आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. १७ राज्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. एवढ्या मोठ्या कामाला प्रयोगशाळाही समजते आणि धडगावची वस्तीही समजते अशी माणसं लागतात. अशी माणसं फार थोडी आहेत.

पुस्तकातला भाग तुम्हाला माहीत असेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदनेचा झटका येतो. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. हा रेणूचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. भारतात हा दोष पहिल्यांदा निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सापडला, १९५२ मध्ये. वाहक माणसाला, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्याला, जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा. पाड्यावर कुणीतरी हमखास विचारतं की हा आजार आमच्यातच का. तेव्हा सांगता आलं पाहिजे की पिढ्यान् पिढ्या मलेरियाच्या जंगलात ज्यांचे पूर्वज तगले, त्यांच्या रक्तात हा गुण टिकून राहिला. ते ऐकल्यावर शापाची नि खालीपणाची भाषा बंद होते, हे मी पाहिलंय.

आता कामाचं. पहिले काही महिने एकच गोष्ट शिका : तुमच्या हातातली चाचणी काय सांगू शकत नाही.

सोल्युबिलिटी टेस्ट घ्या. डायथायोनाइटच्या द्रावणात थोडंसं रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं, मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त, सोपी, उपकेंद्राच्या टेबलावर होणारी चाचणी आहे. पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. एएस (वाहक) असो की एसएस (रुग्ण), नळी तशीच गढूळ दिसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे आजारी बाळही निगेटिव्ह दिसू शकतं. हिमोग्लोबिन फारच खाली गेलेल्या गरोदर बाईच्या बाबतीत तेच, कारण गढूळ व्हायला पुरेशा पेशीच नसतात. आपल्याकडे अंगात रक्त नसलेल्या बाया काही कमी नाहीत, त्यामुळे ही मर्यादा इथे रोज समोर येते. उलट रक्तात चरबी किंवा प्रथिनं फार वाढलेली असली तर सिकलसेल नसतानाही नळी गढूळ दिसते. शिवाय डायथायोनाइट हवेने आणि ओलाव्याने खराब होतं. म्हणून रोज सकाळी एक माहितीतला पॉझिटिव्ह आणि एक माहितीतला निगेटिव्ह नमुना लावल्याशिवाय गावातल्या कुणाच्याही रक्ताला हात लावायचा नाही. वरिष्ठ घाई करत असले तरी नाही.

आता बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. थोड्या मिनिटांत नेहमीचं हिमोग्लोबिन ए आणि सिकलचं हिमोग्लोबिन एस वेगळे दाखवतात, म्हणून पाड्यावर त्यांचा फार उपयोग होतो. तरी पक्कं निदान एचपीएलसी या, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर होतं. यंत्रातून ग्राफ बाहेर पडतो. बहुतेक नवे लोक त्याच्या तळाशी छापलेले आकडे वाचतात आणि ग्राफ बाजूला ठेवतात. तसं करू नका. वाहकात ए जास्त आणि एस कमी असतं, एस साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या घरात. एस जास्त आणि ए थोडं दिसलं तर सिकल-बीटा थॅलेसेमियाची (एका पालकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया) शंका घ्यायची. पण त्याच माणसाला महिन्याभरापूर्वी रक्त चढवलं असेल, तर दिसणारं ए दात्याचंही असू शकतं. यंत्राला हे कळायला मार्ग नाही. "गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का?" हा प्रश्न फॉर्मवर नसेल तर हाताने लिहून घ्या. आई-वडिलांचे नमुने मिळाले तर अर्धं कोडं तिथेच सुटतं.

नमुना यंत्रापर्यंत चांगल्या अवस्थेत पोचणं हे वेगळंच काम आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं की ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, हिसडायची नाही. खानदेशातला एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. मोलगीहून किंवा तोरणमाळहून घाट उतरून येईपर्यंत बंद गाडीतला डबा तापतो. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये आइस पॅक ठेवा, पण नळी त्याला थेट चिकटू देऊ नका, मध्ये कापूस किंवा जाड कागद घाला. थंडीने रक्त गोठलं तर पेशी फुटतात आणि तो माणूस परत रक्त द्यायला तयार होईलच असं नाही.

माणसाची परवानगी हा भाग कॉलेजात तासाभरात उरकतात. इथे तो कामाचा मोठा हिस्सा आहे. साक्रीकडच्या एका आजीने मला विचारलं होतं, "रगत कसाले लेतस?" (रक्त कशाला घेता?) माझ्या हातात मराठीत छापलेलं चांगलं दोन पानी माहितीपत्रक होतं आणि त्यातल्या एकाही वाक्याने तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नव्हतं. सपाटीवर अहिराणी, वर डोंगरात पावरी आणि भिलोरी, नवापूरकडे मावची. तुम्ही जळगावच्या बाजूचे असाल तर पावरी तुम्हाला कळणार नाही. अशा वेळी आशाताईला केवळ दुभाषी म्हणून उभं करू नका. आदल्या दिवशी तिच्याजवळ बसा, 'वाहक' हे ती कशा शब्दांत सांगते ते ऐका आणि मग तेच शब्द सगळ्या चमूने वापरा.

आश्रमशाळेत तपासणी सोपी वाटते, कारण मुलं एका जागी सापडतात. पण मुख्याध्यापकांची सही ही पालकांची संमती होत नाही. संशोधनाचा नमुना असेल तर पालकांची लेखी संमती लागते. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार लागतो आणि १२ ते १८ च्या मुलाचा लेखी. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात. म्हणून आमच्या कामाचं वेळापत्रक त्यांच्या येण्याजाण्यावर ठरतं. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा माणसं गावी परतू लागतात. पालकांना भेटायचं, नवऱ्याचा नमुना घ्यायचा, राहिलेले निकाल द्यायचे, हे सगळं त्या दिवसांत. शहरात बसून आखलेल्या वेळापत्रकात डिसेंबर-जानेवारीत पाठपुरावा लिहिलेला असतो. तो तुम्ही बदलायला सांगा. नवीन आहात म्हणून गप्प राहू नका, कारण गाव तुम्हाला ठाऊक आहे.

निकाल देताना जास्त जपायला हवं. वाहक आजारी नसतो, त्याला गोळ्या लागत नाहीत, तो शेतात राबू शकतो. हे दोनदा सांगा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि दोन्ही नसण्याची २५. 'प्रत्येक' या शब्दावर थांबा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा समज अनेकांचा होतो. आणि निकाल ज्याचा त्याच्याच हातात द्या. शाळेच्या व्हरांड्यात नावं वाचून दाखवली की मुलींच्या लगीनाच्या बोलण्यात ती यादी पोचते. मुलगा वाहक निघाला तर कुणी काही म्हणत नाही, मुलगी निघाली की सोयरीक मोडते. हा अन्याय आपल्या वहीतून सुरू होता कामा नये.

आजारी मूल लवकर सापडण्याला इतका जीव का लावायचा, तेही माहीत हवं. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात सिकलसेल असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकस या जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. तो फायदा निदान वेळेत झालेल्या बाळालाच मिळतो.

शोधनिबंध वाचायची सवय सुरुवातीपासून लावा, इंग्रजी अडलं तरी. एका बैठकीत एक निबंध, हातात पेन्सिल. चाचणीला विचारला तोच प्रश्न निबंधालाही विचारायचा : हा काय सांगत नाही? हायड्रॉक्सियुरिया या झटके कमी करणाऱ्या औषधाचा १९९५ चा मोठा अभ्यास २९९ प्रौढांवर होता. औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना वर्षाला मध्यक ४.५ झटके आले, औषध घेणाऱ्यांना २.५. पण ते सगळे वर्षात किमान तीन झटके आलेले अमेरिका-कॅनडातले प्रौढ होते. आपल्याकडच्या रुग्णांत बहुधा अरब-भारतीय प्रकारचा जनुकसमूह सापडतो, गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. तिथला निकाल इथे जसाच्या तसा धरता येईल असं नाही, म्हणून नागपुरात मुलांवर झालेला अभ्यास मला मोलाचा वाटतो. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठराविक कमी मात्रेनेही मुलांचे झटके कमी झाले. पाड्यावर सारखी रक्ततपासणी करून मात्रा वाढवत नेणं अवघड असतं, तिथे या निष्कर्षाचं वजन मोठं आहे. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांवरचा अभ्यास आला. साधनं तोकडी असलेल्या ठिकाणीही हे औषध सुरक्षितपणे देता येतं, हे त्यातून दिसलं.

व्हॉक्सेलोटर या सिकलसेलवरच्या औषधाची गोष्ट प्रत्येक नव्या माणसाने वाचावी. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला झटपट मान्यता मिळाली, कारण हिमोग्लोबिनचा आकडा वाढत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण पुढच्या माहितीत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचा हिशेब औषधाच्या विरोधात जाताना दिसला. आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं धरून चालायचं नाही.

क्रिस्पर, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्राबद्दल गावातले शिकलेले तरुण हटकून विचारतात. कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा एक नियंत्रक भाग कापतात, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही गंभीर झटका आला नव्हता. हे थक्क करणारं आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण आधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञानाच्या संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे, त्याला बिरसा मुंडांचं नाव दिलंय. आईने विचारलं तर हे सगळं खरं खरं सांगा, आणि आजची फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, लस आणि भरपूर पाणी यांतलं काही चुकू देऊ नका.

नोकरीचं थोडक्यात. आयसीएमआरच्या प्रकल्पांत 'प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट' नावाची पदं निघतात, वेगवेगळ्या पायरीची. मुंबईची राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था याच विषयात काम करते, तिच्या जाहिराती बघत राहा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही प्रकल्प येतात. एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती आहे. एम.एस.डब्ल्यू. झालेल्यांनी समुपदेशनाच्या जागा बघाव्यात, तिथे माणसं कमी पडतात. हे काम कंत्राटी असतं, मानधन कधी दोन-दोन महिने रखडतं, प्रकल्प संपला की पुढचा शोधावा लागतो. घरी हे आधीच सांगून ठेवा. सोबत एक्सेल नीट शिका आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे हे ध्यानात ठेवा, कारण प्रमाणपत्राची वाट लोक तुम्हालाच विचारणार.

मुलाखतीत शेवटी "तुमचे काही प्रश्न?" असं विचारतात. तेव्हा हे विचारा : निकाल कुटुंबापर्यंत किती दिवसांत जाणार आणि तो कोण सांगणार? बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत होईल अशी सोय आहे का? एसएस निघालेल्या मुलाची हायड्रॉक्सियुरिया कुठल्या रुग्णालयातून मिळणार, आणि प्रकल्प संपल्यावर कुठून? समोरच्यांकडे याची उत्तरं तयार असतील तर ती जागा सोडू नका, पगार थोडा कमी असला तरी.