आठवडे बाजाराला माल न्यायचाय? सुरुवात वाफ्यापासून करा

आमची जमीन पुरंदरमध्ये, सासवडपासून जरा आत, सव्वादोन एकर. पुण्याच्या शेतकरी आठवडे बाजारात पहिल्यांदा बसलो तेव्हा मेथीच्या 300 जुड्या घेऊन गेलो, कारण शेतात मेथीच होती. खपल्या 110. बाकीच्या म्हशीनं खाल्ल्या. गुलटेकडीला, म्हणजे पुण्याच्या घाऊक मार्केट यार्डात, माल पाठवायची सवय, तिथं एकाच मालाचा ढीग लागतो. इथं उलट. गिऱ्हाइकाला एक जुडी मेथी, एक कोथिंबीर, अर्धा किलो घेवडा आणि चार लिंबं हवी असतात. हे सगळं आपल्यापाशी मिळालं तर ते पुढं कशाला जाईल?

म्हणून बाजाराची तयारी महिना-दीड महिना आधी वाफ्यात करायची. मेथी 25 ते 30 दिवसांत येते, कोथिंबिरीला 40-45 लागतात. सगळं रान एकदम पेरू नका. दर आठवड्याला प्रत्येकाचे दोनच वाफे टाका, म्हणजे दर बाजाराला कोवळा माल निघतो. पालक कापला की पुन्हा फुटतो, त्याची एवढी घाई नाही. धने टाकण्याआधी चपलेनं हलके रगडून त्यांच्या दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. ही युक्ती सासूबाईंची. त्यांची चपलही धन्यासाठी वेगळी ठेवलेली आहे, तिला कुणी पाय लावायचा नाही. बांधाला लिंबू, कढीपत्ता, शेवगा असू द्या. मूठभर कढीपत्ता फुकट दिला की गिऱ्हाईक लक्षात ठेवतं.

कागदपत्रांचा फार बाऊ करू नका. फळं-भाजीपाला 2016 मध्ये नियमनमुक्त झाला, त्यामुळं आपला माल बाजार समितीबाहेर विकता येतो. सातबारा आणि आधारची झेरॉक्स जवळ ठेवा. एकट्यानं जाण्यापेक्षा गटातून जा, टेम्पोचं भाडंही वाटून घेता येतं. आम्ही चार घरं मिळून एक छोटा हत्ती करतो. वजनकाट्याची पडताळणी मात्र दरवर्षी करून घ्या आणि त्यावरचा शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असा काटा मांडा.

काढणी बाजाराच्या वेळेवर ठरते. सकाळचा बाजार असेल तर आदल्या दिवशी ऊन कलल्यावर, दुपारनंतरचा असेल तर त्याच पहाटे. पालेभाजी धुऊन भरू नका. दिवे घाट उतरेपर्यंत ती आत तापते आणि पानं काळी पडतात. मुळांची माती झटकायची, जुड्या कॅरेटमध्ये उभ्या लावायच्या आणि वरून ओलं गोणपाट टाकायचं. पाणी शिंपडायचं ते बाजारात पोचल्यावर. सीताफळाचे डोळे उघडले की उतरवा आणि दोन ढीग मांडा, आज खायचं आणि परवा खायचं. अंजीर मऊ, ते एकावर एक रचायचं नाही, खाली पानं घालून एकच थर लावायचा.

निवडायला कंटाळू नका. किडकं, वाकडं, फुटकं घरीच काढा. एक सडका टोमॅटो वर दिसला की बाई अख्ख्या ढिगाला हात लावत नाही.

भाव कसा लावायचा, हे सगळेच विचारतात. सकाळी गुलटेकडीचा भाव फोनवर घ्यायचा, पुण्यात दारावरच्या गाडीवर काय भाव चाललाय तेही विचारायचं, आणि दोन्हींच्या मधला आकडा पाटीवर खडूनं ठळक लिहायचा. पाटी असली की घासाघीस निम्म्यानं कमी होते. अडत्याकडं एकदा अशी हिशेबाची पट्टी हातात पडली होती की हमाली, तोलाई आणि भाडं वजा जाऊन उरलेल्या पैशांत आम्ही दोघांनी चहा घेतला. ते आठवलं की मला भाव सांगताना लाज वाटत नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात भाव पाडू नका, असं माझं मत. आमचे हे पाडायचे. चार बाजारांत लोकांना कळलं आणि ते तेव्हाच यायला लागले. उरलं तर शेजारच्या गाळ्याशी अदलाबदल करा, आमच्या घरी कांदा असाच येतो.

सुट्टे पैसे न्या. क्यूआर कोड लावला तरी दहाच्या नोटा लागतातच.

आणि एक वही ठेवा. काय विकलं ते लिहिताच, पण काय मागितलं आणि आपल्यापाशी नव्हतं तेही लिहा. अंबाडी आम्ही अशीच सुरू केली. ती कशी करायची हे सासूबाई उभ्याउभ्या सांगतात, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. मागच्या बाजारी तिघींनी घोळ मागितली. घोळ! आमच्या मिरचीत ती तण म्हणून उगवते, दर खुरपणीला आम्ही उपटून बांधावर फेकतो. या खेपेला दहा जुड्या बांधल्यात.