आजीची खुपरी आणि माझा क्लॅमिडिया

पीएच.डी.चा विषय पक्का झाला त्या दिवाळीत मी अमळनेरला घरी होते. आजी ओट्यावर मूग निवडत बसली होती. तिनं विचारलं, “हाऊ कोनता रोग शे, माय?” मी गप्प. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू, हे आजीसमोर, आणि तेही काका शेजारीच बसलेले असताना, माझ्या तोंडून निघेना. शेवटी म्हटलं, “डोळ्यांचा. खुपरीचा जंतू असतो ना, तो.”

आजीचे हात थांबले. तिच्या लहानपणी गावातल्या जाणत्या बाया पोरांची पापणी उलटी करून त्यावर मोरचुदाचा खडा फिरवायच्या. दोघी-तिघींनी पोराला धरून ठेवायचं आणि एकीनं घासायचं. “डोयामा रेती खुपे,” ती म्हणाली आणि स्वतःची पापणी बोटानं उचलून दाखवू लागली.

मी आजीशी खोटं बोलले नव्हते. खुपरी करणारा आणि जननमार्गाला लागण करणारा जंतू एकाच जातीचा आहे, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याचे ए ते सी हे प्रकार डोळ्यांत खुपरी करतात, डी ते के हे मुख्यतः जननमार्गात राहतात, आणि एल प्रकार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचतो. 1907 साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपरीच्या रुग्णाच्या पापणीतून खरवडलेला भाग ओरांगउटानच्या डोळ्याला लावला आणि पेशींच्या आत हे ठिपके पाहिले. आपल्या देशात 1963 साली खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात खुपरी ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचं मान्य केलं. एका बाजूनं हा जंतू हटला. दुसऱ्या बाजूला, 2020 या एका वर्षात जगभरात 15 ते 49 वयाच्या माणसांत जननमार्गाच्या क्लॅमिडियाच्या सुमारे 12.9 कोटी नव्या लागणी झाल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे. त्यावर माणसांसाठी लस अजून नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून या विषयात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मला सुरुवातीला कुणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, अशा गोष्टी यात जास्त आहेत.

पहिली गोष्ट जंतूच्या स्वभावाची. आपल्याकडे टिश्यू कल्चर म्हटलं की डोळ्यासमोर केळीची रोपं येतात. इथं पेशी माणसाच्या किंवा उंदराच्या असतात आणि त्या वाढवायच्या त्यांच्यात जंतू पोसण्यासाठी. बी.एस्सी.ला आपण अगरच्या प्लेटवर रेघा ओढतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजतो. क्लॅमिडिया अगरवर उगवतच नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत सीएमव्ही या विषाणूनं धुमाकूळ घातलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना जिवंत पेशीवाचून न वाढणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त तो विषाणू आहे आणि हा जिवाणू. तरी या जिवाणूलाही 1960च्या दशकापर्यंत बरेच जण विषाणूच समजत होते.

त्याची दोन रूपं आहेत. बाहेर असतो तेव्हा तो जेमतेम 0.3 मायक्रोमीटरचा कडक, टणक कण असतो. त्याला एलिमेंटरी बॉडी म्हणतात. लागण करतो तो हाच. पेशीत शिरला की स्वतःभोवती एक पिशवी राखतो, ती इन्क्लुजन. तिच्यात तो फुगून मोठा होतो, सुमारे 1 मायक्रोमीटरचा, आणि दुभंगत राहतो. ही रेटिक्युलेट बॉडी. मग पुन्हा कण बनतात आणि 48 ते 72 तासांत पेशी फोडून किंवा अख्खी पिशवी बाहेर ढकलून शेकड्यांनी निघतात. पाठ करायला हे चार ओळींचं आहे. हाताला कळायला मला वर्ष लागलं.

कारण माझी पहिली मोठी चूक इथंच झाली. पेशींच्या खाद्यात, म्हणजे मीडियात, पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन घालणं ही बहुतेक प्रयोगशाळांची सवय. सामायिक फ्रिजमधली बाटली मी उचलली आणि त्यातच पेशींना लागण केली. दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली इन्क्लुजन दिसले, चांगले मोठे. मला वाटलं, वा, जोरदार वाढ झाली. ते काढून नव्या पेशींवर घातले, तर काहीच नाही. परत केलं, परत काही नाही. सात आठवडे गेले. मी सेंट्रिफ्यूजला दोष दिला, पेशींना दिला, गोठवून ठेवलेल्या साठ्यालाही दिला. शेवटी वरच्या वर्गातल्या एका ताईनं माझी वही उघडून एकच प्रश्न विचारला, “मीडियात काय काय घातलंस?”

पेनिसिलीनमुळे रेटिक्युलेट बॉडी मरत नाही, पण दुभंगूही शकत नाही. ती नुसती फुगत जाते आणि लागण करणारे कण तयारच होत नाहीत. औषध काढलं की ती पुन्हा सावरते. मला दिसलेले ते मोठे इन्क्लुजन अडकून पडलेल्या जंतूंचे होते. यातली मौज म्हणजे पेनिसिलीन ज्या पेप्टिडोग्लायकनच्या भिंतीवर काम करतं ती भिंत क्लॅमिडियात कित्येक दशकं कुणाला सापडलीच नव्हती. ती दुभंगण्याच्या जागी एका बारीक कड्यासारखी असते, हे 2014 साली छापून आलं. त्यामुळे क्लॅमिडियाच्या पेशींना पेनिसिलीन घालू नका, जेंटामायसिन चालतं. फ्रिजमधल्या बाटलीवर दुसऱ्या कुणी काय लिहिलंय यावर विसंबू नका, आपली बाटली आपण बनवा. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींना गुपचूप लागणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूची, तपासणी दर महिन्याला करा, कारण ती घाण पेशीत शिरली की प्रतिकारशक्तीचे सगळे आकडे बिघडतात आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

मोजणीचंही सांगते. चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडं वापरली की पेशी लालसर दिसतात आणि इन्क्लुजन कच्च्या कैरीच्या सालीसारखे हिरवे. एका प्लेटमध्ये वीस-वीस जागा मोजायच्या असतात. पहिल्याच दिवशी मी ठरवून टाकलं की ज्या जागा ‘चांगल्या’ दिसतात त्या मोजू. असं कधीच करू नका. जागा आधी ठरवा, मग डोळा लावा. माझ्या पहिल्या तीन महिन्यांचे आकडे मला यापायी टाकून द्यावे लागले.

आता प्रतिकारशक्ती. माझं मन या विषयात सगळ्यात जास्त रमतं ते इथं. क्लॅमिडियाविरुद्ध लढणाऱ्या टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप देणारं प्रथिन सोडतात. माणसाच्या पेशीला हा निरोप मिळाला की ती आयडीओ नावाचं विकर बनवते आणि स्वतःतलं ट्रिप्टोफॅन मोडून टाकते. जंतूला ते अमिनो आम्ल लागतंच, म्हणजे पेशी त्याला उपाशी ठेवते. पण जननमार्गातल्या प्रकारांकडे ट्रिप्टोफॅन सिंथेज, म्हणजे ट्रिप्टोफॅन बनवणारं विकर, शिल्लक आहे. योनीतले दुसरे जंतू इंडोल तयार करतात, त्यातून हा आपलं ट्रिप्टोफॅन परत बनवतो. डोळ्यांतल्या प्रकारांकडचं हे विकर निकामी झालेलं आहे. एकाच जातीचा जंतू दोन ठिकाणी राहायला गेला आणि शेजाऱ्यांप्रमाणे त्याचा संसार बदलला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

उंदराच्या पेशी मात्र ही आयडीओची वाट वापरत नाहीत, त्यांची हत्यारं वेगळी. म्हणून उंदरांवर आपण बहुतेक वेळा क्लॅमिडिया म्युरिडेरम ही उंदरांचीच जात वापरतो. उंदीर साधारण चार आठवड्यांत लागणीतून मोकळा होतो आणि दुसरी लागण सौम्य असते. कागदावर हे सगळं छान दिसतं. प्राणी-नीतिसमितीची परवानगी घेऊन केलेल्या प्रयोगानंतर मी पहिल्यांदा अशा ‘बऱ्या झालेल्या’ मादीचं विच्छेदन केलं. तिच्या एका बाजूची अंडवाहिनी फुगून पाण्यानं भरली होती, काचेच्या मण्यासारखी आरपार. जंतू कधीचाच गेला होता. नळी मात्र बंद झाली होती. जंतूला हटवणारी आणि नळीला इजा करणारी, दोन्ही कामं त्याच दाहाची.

माझ्या नात्यातल्या एका ताईला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. सगळं बोलणं तिनंच खाल्लं. नळ्यांचा एक्स-रे काढला तेव्हा दोन्ही बंद निघाल्या. कशानं, ते कुणालाच सांगता आलं नाही. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयही मोठं कारण असतो, त्यामुळे प्रत्येक बंद नळीचा दोष क्लॅमिडियावर ढकलणं चूक ठरेल. पण क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक बायकांना काही त्रासच जाणवत नाही. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये मूत्रमार्गाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या स्रावासाठी आलेल्यांना अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमचं राखाडी किट मिळतं. जिला तक्रारच नाही ती तिथं जाणार कशी? औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण लागण झालीय हे कळल्याशिवाय ते घेणार कोण? लस हवी ती यासाठी.

मुलाखतीत हमखास विचारतात की इतकी वर्षं होऊन लस का नाही. 1960च्या दशकात खुपरीवरच्या लशींच्या चाचण्या अनेक देशांत झाल्या, त्यात भारतही होता. मारलेला अख्खा जंतू टोचला जायचा. संरक्षण मिळालं ते थोडं आणि थोड्याच काळासाठी. शिवाय लस दिलेल्या काही माकडांमध्ये पुन्हा लागण झाल्यावर दाह वाढलेला दिसला. त्या भीतीनं हे काम फार काळ रेंगाळलं. आता अख्ख्या जंतूऐवजी त्याच्या बाह्य आवरणातल्या मॉम्प या मुख्य प्रथिनाचे निवडक तुकडे घेतात. अशा सीटीएच522 या लशीची माणसांवरची पहिली चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये 35 निरोगी स्त्रियांवर ती झाली. लस मिळालेल्या सगळ्यांमध्ये प्रतिपिंडं तयार झाली, आणि सीएएफ01 हे प्रतिसाद वाढवणारं पूरक द्रव्य मिसळलेल्या गटाचा प्रतिसाद अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड मिसळलेल्या गटापेक्षा सरस निघाला. ती लागण रोखते का, हे पाहणं हा त्या पहिल्या टप्प्याचा हेतूच नव्हता. मुलाखतीत हा फरक नीट सांगा. ‘लस आली’ असं म्हणाल तर पुढचे पाचही प्रश्न त्यावरच येतील.

वाटेविषयी थोडक्यात. जळगावच्या विद्यापीठातून किंवा आपल्या कुठल्याही महाविद्यालयातून एम.एस्सी. करताना शेवटच्या सत्राचा प्रकल्प शक्यतो जिथं पेशी वाढवतात तिथं करा. तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिला अर्ज कराच. सीएसआयआर-नेट जीवशास्त्राचा पेपर 200 गुणांचा आणि तीन तासांचा असतो. भाग ‘सी’ पाठांतरावर सुटत नाही, प्रयोगाचे आलेख वाचायचा सराव लागतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, जेआरएफसाठीची (कनिष्ठ संशोधन फेलोशिपची) परीक्षाही द्या. फेलोशिप 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनी 42,000 होते. घरी पैसे पाठवून पुण्या-मुंबईत राहता येतं, मी राहिले आहे. मुंबईत परळची आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संस्था, पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, दिल्लीत पूर्वी राष्ट्रीय विकृतिशास्त्र संस्था म्हणून ओळखली जाणारी आयसीएमआरची संस्था, ही नावं शोधून तिथल्या शास्त्रज्ञांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचा आणि मगच ईमेल करा. ईमेलमध्ये त्या निबंधातला तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न लिहा. माझ्या अठरा ईमेलांपैकी उत्तर आलं ते अशाच एकाला.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी निबंध वाचताना आधी चित्रं आणि आलेख पाहायचे, त्यातून काय दिसतं ते मराठीत वहीत लिहायचं, मग मजकूर वाचायचा. अजूनही तसंच वाचते.

आणि आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायला शिका. नमुने गोळा करायला गेलं की समोर बसलेल्या बाईला ‘पांढरं जातं का’, ‘संबंधाच्या वेळी दुखतं का’ हे विचारावं लागतं, आणि तेही तिला समजेल अशा शब्दांत, दार लावून, सासू बाहेर असताना. चोपड्याकडची, शहाद्याकडची बोली येणारी मुलगी हे जसं विचारू शकते तसं कुठलीही छापील प्रश्नावली विचारू शकत नाही. मला हे जमायला चार वर्षं लागली. त्यानंतरच्या दिवाळीत मी आजीला उरलेलं अर्धं उत्तर सांगितलं. ती म्हणाली, “मंग बायासले पहिले सांग ना,” आणि पुन्हा मूग निवडू लागली.

शेवटी रोजच्या उपयोगाचं एक. सोमवारी पेशी लावल्या आणि मंगळवारी लागण केली तर गुरुवारी रंगवून मोजता येतं. शुक्रवारी लागण केली की रविवारी यावंच लागतं. गावी जायचं असेल त्या आठवड्यात मी मंगळवारनंतर एकही प्लेट लावत नाही, गुरुवारी काढलेले कण साखर-फॉस्फेट-ग्लुटामेटच्या द्रावणात घालून उणे 80 अंशांवर ठेवते, नळ्यांवर तारीख शिसपेन्सिलीनं लिहिते कारण शाई पुसली जाते, आणि मगच भुसावळकडची गाडी पकडते.